बेन नेव्हिसची पांढरी वाट

सकाळचे सात वाजून गेले तरी मिट्ट काळोख आहे. साल १८९६, महिना फेब्रुवारी, गाव स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरचं फोर्ट विल्यम. दीडच वर्षापूर्वी इथवर आगगाडी आली. स्टेशनाकडचा कोळशाचा धूर आणि घराघरांत जळणाऱ्या पीटचा धूर खाडीवरच्या थंड हवेत कोंडून राहिलाय. गाव मागे टाकून तुम्ही नेव्हिस नदीच्या खोऱ्याकडे निघाला आहात. सोबत पन्नाशीचा एक माणूस आहे, पाठीवर टपालाची पिशवी. डोंगरावर जाणाऱ्या घोडवाटेची निगा राखणं हे त्याचं काम. उन्हाळ्यात तो पावसाने वाहून गेलेली वाट सावरतो, हिवाळ्यात हवा बरी असेल तेव्हा माथ्यावरच्या माणसांची पत्रं पोचवतो. तो फार बोलत नाही.

हो, माथ्यावर माणसं आहेत. ब्रिटनच्या सगळ्यात उंच डोंगराच्या डोक्यावर, भर हिवाळ्यात, बर्फात बुडालेल्या दगडी घरात तीन-चार माणसं राहतात आणि दिवसरात्र दर तासाला बाहेर येऊन हवा मोजतात. आज तुम्हाला तिथवर जायचंय.

तुमच्या गाठीला सह्याद्री आहे. कळसूबाईच्या शिड्या, राजगडाची गुंजवण्याची वाट, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड. श्रावणात शेवाळलेल्या कातळावर पाय कुठे टाकायचा हे तुमच्या तळव्यांना डोळ्यांआधी कळतं. बर्फ मात्र आजवर गोळेवाल्याच्या रंध्याखाली किसला जाताना पाहिलेला, तेवढाच. तेव्हा आज तुम्ही नवशिके आहात, आणि तसं असणं किती मोलाचं आहे हे दुपारपर्यंत तुमच्या ध्यानात येईल.

अंगात जाड लोकरी बंडी, वर ट्वीडचा कोट, गुडघ्यापर्यंतची विजार, पोटऱ्यांना गुंडाळलेल्या लोकरी पट्ट्या. पायांत चामड्याचे जड बूट, तळाला लोखंडी खिळे ठोकलेले. हातात लांब लाकडी दांड्याची आइस-अ‍ॅक्स. नायलॉन नाही, प्लास्टिक नाही, थर्मासही अजून बाजारात आलेला नाही. गरम काही प्यायचं तर ते माथ्यावरच. खिशात ओटच्या कडक भाकऱ्या, चीजचा तुकडा आणि मूठभर मनुका.

बेन नेव्हिसची उंची १३४५ मीटर. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे आकड्यात हा डोंगर ठेंगणा. पण कळसूबाईच्या पायथ्याचं बारी गाव मुळातच उंचावर बसलेलं आहे. इथे पायथा खाडीच्या पाण्याला लागून आहे, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची पायांनी वसूल करावी लागते. शिवाय हे ठिकाण सत्तावन्न अक्षांशाच्या जवळ आहे. आज दिवस जेमतेम साडेनऊ तासांचा, आणि भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून वीस अंशांच्या वर चढणार नाही. पुण्यात याच दिवशी तो साठीच्या जवळ असतो. बर्फाइतकीच ही उजेडाची टंचाई हिवाळी डोंगराची खूण आहे, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. तो थंडीची तयारी करून येतो, वेळेची करत नाही.

वेळेचा हिशेब मात्र इथल्या लोकांनी बांधून ठेवलाय. विल्यम नेस्मिथ नावाच्या गिर्यारोहकाने चार वर्षांपूर्वी, १८९२ मध्ये, एक सोपा ठोकताळा मांडला: दर तीन मैलांना एक तास, आणि वर दर दोन हजार फूट चढाईला आणखी एक तास. तुमच्या वाटेला तो लावला तर पाच मैलांचे पावणेदोन तास आणि त्रेचाळीसशे फुटांचे सव्वादोन. म्हणजे नुसतं वर पोचायलाच चार तास. हा हिशेब कोरड्या वाटेचा. बर्फ त्यात किती भर घालेल ते बर्फच ठरवेल. तुमच्या काळातही जगभरचे चालणारे हाच ठोकताळा वापरतात.

अ‍ॅखिंटीच्या शेतघरापाशी हा वाटेचा राखणदार थांबतो आणि तुम्हाला कोट काढायला सांगतो. तुम्ही कुडकुडताय, आणि हा कोट काढ म्हणतो! पण तो ऐकून घेत नाही. ‘पहिली दहा मिनिटं थंडी वाजलीच पाहिजे,’ तो म्हणतो. ‘घाम आला तर तो वर गोठेल, आणि मग तुम्हाला आवरता येणार नाही.’ तुम्ही कोट पिशवीत कोंबता. चढ सुरू होतो आणि दहाव्या मिनिटाला अंग ऊबदार होतं. सह्याद्रीत घाम म्हणजे ट्रेकची शान. इथे तोच चोर आहे. लोकर ओली झाली की तिची ऊब कमी होते आणि माथ्यावरचा वारा त्या ओलाव्यातून थेट हाडांपर्यंत पोचतो. म्हणून चालीचा वेगसुद्धा अंगाच्या तापमानावर बेतायचा. घाम फुटेलसं वाटलं की पाय आवरायचे, गारठा जाणवला की उचलायचे. थांबायचं कमी, घाई तर करायचीच नाही.

वाट रुंद आहे. ती १८८३ च्या उन्हाळ्यात बांधली, ओझ्याचे घोडे जाऊ शकतील अशा बेताने, कारण माथ्यावरच्या वेधशाळेसाठी सगळं याच वाटेने न्यायचं होतं. त्याआधी वाट नव्हती तेव्हा क्लेमेंट रॅग नावाचा एक उंच, विक्षिप्त माणूस १८८१ च्या जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत रोज, अगदी रोज, हा डोंगर चढला. माथ्यावर ठरलेल्या वेळी तापमान आणि हवेचा दाब टिपायचा, आणि त्याच वेळी खाली फोर्ट विल्यममध्ये त्याची पत्नी तीच मापं घ्यायची. एकाच क्षणी खाली काय आणि वर काय, हे शेजारी शेजारी ठेवून पाहायचं. त्या दोघांच्या चिकाटीने लोकांना पटलं की वर कायमची वेधशाळा हवी. वर्गणी जमली, वाट झाली, इमारत उभी राहिली, आणि १७ ऑक्टोबर १८८३ रोजी तिचं दार उघडलं. रॅगच्या पत्नीचं नाव या गोष्टीत फार कमी वेळा घेतलं जातं, याचं मला वाईट वाटतं. खालचा आकडा नसता तर वरच्या आकड्याला अर्थ आला नसता.

उजाडतं. आधी करडं, मग निळसर. आणि मग वाटेच्या कडेच्या गवतात पहिले पांढरे ठिपके दिसतात. शंभर पावलांनी ते ठिपके एकमेकांना मिळतात, आणखी शंभर पावलांनी गवत दिसेनासं होतं. तुम्ही बर्फात आहात.

पहिली गोष्ट तुम्हाला जाणवते ती आवाजाची. बुटाखाली तो चुरतो, आणि प्रत्येक ठिकाणी वेगळ्या सुरात. राखणदार मागे न बघता चालतोय, पण तुमची पावलं तो ऐकतोय. कारण हा आवाजच सांगतो की तुम्ही कशावर उभे आहात. रात्री नुसताच पडलेला कोरडा बर्फ जवळजवळ मुका असतो. वाऱ्याने रेटून दाबलेला बर्फ पोकळ बोलतो, आणि त्यावर तुम्ही उभे राहिलात की आजूबाजूचा एक मोठा पापुद्रा किंचित खाली बसल्याचा भास होतो. उतारावर हा आवाज आला तर तिथून निघायचं, कारण असा थर अख्खाच्या अख्खा सुटू शकतो. दिवसा वितळून रात्री गोठलेला बर्फ कडक असतो आणि खिळ्यांखाली कुरकुरतो. तो सगळ्यांत चांगला, आणि पाय सुटला तर सगळ्यांत वाईट.

आणि एक प्रकार आहे ज्याला सगळे कंटाळतात. वर पातळ कडक कवच, खाली भुसभुशीत. पाऊल टाकलं की क्षणभर ते धरतं, तुम्ही विश्वासाने सगळा भार देता, आणि नेमकं तेव्हाच ते फुटून तुम्ही भातखाचरात रुतावं तसे मांडीपर्यंत आत जाता. पाय उपसायचा, पुढचा टाकायचा, तोही आत. वीस पावलांत तुमची छाती भात्यासारखी चालू लागते. राखणदार तेवढ्यात वळून पाहतो आणि स्वतःच्या पावलांच्या खड्ड्यांकडे बोट दाखवतो. तुम्ही त्याच्या शेजारून नवी वाट पाडत होतात! त्याच्या खड्ड्यात पाय टाकताच अर्धे कष्ट संपतात. मागचा माणूस पुढच्याच्या पावलात पाय ठेवतो, आणि पुढचा दमला की जागा बदलतात, हा बर्फातला शिष्टाचार आहे. मात्र आज तो तुम्हाला पुढे जाऊ देणार नाही.

मेलनटीच्या टेकडीला वळसा घालून वाट एका खोगिरावर येते. डावीकडे तळं आहे, असं राखणदार म्हणतो. तुम्हाला सपाट पांढरं मैदान दिसतं, एवढंच. जवळच वाटेवरच्या अर्ध्या टप्प्याची खोपी आहे. उन्हाळ्यात इथून पायी जाणाऱ्याकडून एक शिलिंग आणि घोड्यावरून जाणाऱ्याकडून तीन शिलिंग घेतात, वाटेच्या देखभालीला. आत्ता खोपीच्या आडोशाला उभ्याउभ्याच ओटची भाकरी खायची. ती दाताखाली खुटखुटते, चीज थिजून दगड झालंय. भूक नाही असं तुम्ही सांगता तरी राखणदार भाकरी हातात देतो. थंडीत भूक लागल्याचं कळेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि हातमोजे काढलेत तर ते खाली ठेवायचे नाहीत, कोटाच्या आत छातीशी धरायचे. या एका सवयीने किती बोटं वाचली असतील!

इथून पुढे रेड बर्न नावाचा ओढा ओलांडायचा. उन्हाळ्यात ही चार ढांगांची गोष्ट. आता ओढ्याची घळ बर्फाने भरून एकसलग उतार झालाय, आणि रात्रीच्या थंडीने तो कडक झालाय. वाट पुसली गेलीय. इथे पहिल्यांदा तुमच्या पोटात गोळा येतो.

राखणदार पिशवी खाली ठेवतो. पलीकडे एक लहानसा उतार आहे, तळाशी मऊ बर्फाची सपाटी. तिथे तो तुम्हाला बसवतो आणि सांगतो, घसरा. कुऱ्हाडीचं डोकं छातीपाशी, दांडा तिरका दुसऱ्या हातात. घसरायला लागलात की क्षणात पालथे व्हा आणि कुऱ्हाडीची टोकदार चोच बर्फात दाबा, सगळ्या अंगाचा भार तिच्यावर टाका. पहिल्या वेळी तुम्ही पालथे होता, पण चोच वर राहते आणि तुम्ही सपाटीत जाऊन तोंडावर पडता, नाकातोंडात बर्फ. दुसऱ्या वेळी चोच रुतते, हाताला हिसका बसतो, आणि तुम्ही थांबता. तो पुन्हा वर जायला सांगतो. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, डोकं खाली करून. हे हाताला आपोआप यायला हवं, कारण खरी वेळ आली की विचाराला सवड नसते. पण तो एवढ्यावर थांबत नाही. ‘हे येतं म्हणून घसरायचं नसतं,’ तो म्हणतो, आणि पायांकडे वळतो.

पाय हा खरा धडा. बुटाचं पुढचं टोक बर्फात लाथेने रोवायचं, एकदा, हवं तर दोनदा. आडवं जायचं असेल तर बुटाची वरची कड करवतीसारखी चालवायची. कुऱ्हाड नेहमी चढाच्या बाजूच्या हातात. आधी कुऱ्हाड रोवा, मग पाय हलवा, मग दुसरा. एका वेळी एकच गोष्ट हलते. जिथे लाथ मारून खिळे नुसते खरडतात तिथे राखणदार कुऱ्हाडीच्या रुंद पात्याने दोन-तीन घावांत पायरी खोदतो, बर्फाचे तुकडे खळखळत घळीत जातात आणि बराच वेळ त्यांचा आवाज येत राहतो. तुम्ही त्या आवाजाकडे लक्ष देऊ नका. पुढची पायरी बघा. तेवीस पायऱ्या मोजून तुम्ही पलीकडे पोचता, आणि तेव्हा कळतं की मघापासून तुम्ही श्वास धरून होतात.

मग नागमोडी चढ. इथेच ढग तुम्हाला गाठतो.

धुकं तुमच्या ओळखीचं आहे, राजमाचीवर हाताला हात न दिसणारं धुकं तुम्ही पाहिलंय. पण तिथे पायाखाली तांबडी माती असते, काळा कातळ असतो, हिरवं गवत असतं. इथे पायाखालचं पांढरं आणि समोरचं पांढरं यांत रेघच उरत नाही. पुढचं पाऊल चढावर पडणार की उतारावर, हे डोळे सांगू शकत नाहीत. तुम्ही पाय उचलता आणि जमीन अपेक्षेपेक्षा लवकर लागते. पुढच्या वेळी उशिरा लागते. थोडी मळमळ होते. राखणदार बर्फाचा एक गोळा करून पुढे फेकतो. गोळा पडून थांबला तर तिथे जमीन आहे. दिसेनासा झाला तर नाही. मग तो होकायंत्र काढतो आणि त्याच्या पावलांची मोजणी तुम्हाला ऐकू येऊ लागते, गेलिकमध्ये, पुटपुटत.

दगडांची एक रास समोर येते, वाट दाखवायला रचलेली. तिच्याजवळ जा, अगदी जवळ. प्रत्येक दगडावर बर्फाची पिसं फुटलीत. काही वीतभर लांब आहेत, मधोमध कणा, दोन्ही बाजूंना नाजूक शिरा, टोकाकडे रुंद होत गेलेली. ती हाताने मोडली तर काचेच्या किणकिणाटाने तुटतात. तुम्हाला वाटतं वाऱ्याने ती मागे ओढत वाढवली असतील. उलट आहे. धुक्याचे थेंब शून्याखालीही पाणीच राहिलेले असतात आणि कशाला तरी आपटताच गोठतात. वारा ते ज्या बाजूने आणतो त्याच बाजूला थर वाढतो. म्हणजे ही पिसं वाऱ्याच्या तोंडावर वाढलीत. वारा कुठून येत होता ते त्यांच्याकडे पाहून सांगता येतं. राखणदाराने पिसांकडे एकवार पाहून होकायंत्राशी ताळा करून घेतला, ते तुम्ही पाहिलंत का? दगड, टोप्या, भुवया, कुऱ्हाडीचा दांडा, सगळ्यांवर ती हळूहळू फुटताहेत. तुमच्या पापण्यांवरही.

चढ कमी होतो. हा माथ्याचा पठारी भाग, आणि नवख्याला इथेच हायसं वाटतं. राखणदार मात्र इथे तुमच्या कमरेला दोर बांधतो. डावीकडे, उत्तरेला, सहाशे मीटरचा कडा आहे, आणि त्याच्या माथ्यावर वाऱ्याने बर्फाचे छज्जे बांधलेत. वरून पाहिलं तर पठार पुढे चालूच असल्यासारखं दिसतं, पण शेवटचे काही फूट खाली काही नसतं. त्यातून काही घळी थेट वाटेच्या जवळ येऊन पोचतात. एका घळीत वेधशाळेचा केरकचरा टाकतात. दक्षिणेकडे दुसरी एक घळ आहे, ती उतरताना भुलवते. या दोहोंच्या मधून जाणारी वाट अरुंद आहे, आणि धुक्यात तीच पकडायची. तुमच्या काळातही माणसं इथे नेमकी याच दोन बाजूंना चुकतात.

आणि मग धुक्यातून काहीतरी काळं वर येतं. आधी झेंड्याची काठी वाटते, मग शिडी, मग लाकडी मनोरा. घर नाही दिसत, कारण घर बर्फाखाली आहे. उन्हाळ्यातलं दार खोल गाडलेलं, म्हणून हिवाळ्यात ये-जा मनोऱ्याच्या वरच्या दारातून. राखणदार दारावर बुटाने लाथ मारतो. दार उघडतं, आतून कोळशाची ऊब, ओल्या लोकरीचा आणि चहाचा वास येतो. शिडीने खाली उतरायचं.

इथे चूल आहे, बिछाने आहेत, पुस्तकांची फळी आहे, फोर्ट विल्यमच्या टपाल कचेरीला जोडणारं तारयंत्र आहे. भिंतींवर बर्फ दाबून बसल्यामुळे वादळाचा आवाजसुद्धा आत मंद होतो. सगळा शिधा आणि कोळसा उन्हाळ्यात घोड्यांवरून आणून भरून ठेवलेला. तुमच्या हातात टिनचा कप येतो. बोटांना ऊब लागते तसं दुखू लागतं, असं दुखणं तुम्ही कधी अनुभवलेलं नाही, डोळ्यांत पाणी येतं. हे चांगलं दुखणं आहे, बोटं जिवंत आहेत.

घड्याळाचा काटा बाराला टेकतो. एक तरुण निरीक्षक काही न बोलता टोपी बांधतो, कंदील नको म्हणून ठेवतो, दिवस आहे, आणि शिडी चढतो. तुम्हीही मागे जाता. बाहेर एका शिडीसारख्या खांबावर पांढरी झडपांची लाकडी पेटी आहे. ती तुम्ही ओळखता. पुण्यात हवामान खात्याच्या शिमला ऑफिसच्या आवारात हीच असते, देशभरच्या हवामान केंद्रांत हीच. थॉमस स्टीव्हन्सन या दीपगृहांच्या अभियंत्याने ती आखली. डोंगरमाथ्यावर वेधशाळा हवी हे १८७७ पासून मांडणाऱ्यांतही तो होता. बर्फाचा थर वाढला की ही पेटी खांबावर वर सरकवतात, म्हणजे पृष्ठभागापासूनची उंची तीच राहते. आणि पिसं वाढून झडपा बंद झाल्या की दुसरी पेटी लावून ही चुलीजवळ नेतात. निरीक्षक पारा वाचतो, मागे वळून पाठ वाऱ्याला देऊन वहीत लिहितो. वाऱ्याचं यंत्र पिसांनी जाम झालंय, म्हणून वारा तो अंगाने मोजतो, किती झुकून उभं राहावं लागतं त्यावरून.

रात्री दोनला हेच, तीनला हेच. वादळात ते एकमेकांना दोराने बांधून येतात. वर्षाची सरासरी शून्याच्या किंचित खाली, वर्षाचं पाणी लोणावळ्याच्या पावसाच्या घरात. या १८९५–९६ च्या दिवसांत इथे काम करणाऱ्यांत विल्यम स्पीअर्स ब्रूस आहे. तो अंटार्क्टिकाच्या समुद्रात एकदा जाऊन आलाय. इथे शिकलेलं घेऊन पुढे १९०२ मध्ये स्वतःची दक्षिण ध्रुवीय मोहीम काढेल. तुम्हाला आणखी एक गोष्ट माहीत आहे, जी इथे कोणालाच माहीत नाही: १९०४ मध्ये पैशाअभावी हे दार बंद होणार. आणि २०१७ मध्ये रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने हजारो साधी माणसं आपापल्या घरी बसून, आत्ता तुमच्यासमोर लिहिलेला हा बाराचा आकडा संगणकात उतरवणार, शतकाच्या हवामानाचा माग काढण्यासाठी.

तो वही मिटतो आणि वर पाहतो. धुकं पातळ होतंय. ढग खाली बसतोय, आणि काही मिनिटांत तुम्ही त्याच्या वर असता. निळं आकाश, इतकं गडद की डोळ्यांना काळसर वाटतं. खाली पांढऱ्या समुद्रातून इतर शिखरं बेटांसारखी वर. निरीक्षक पुन्हा पारा पाहतो आणि समाधानाने मान हलवतो: वर हवा खालच्यापेक्षा उबदार आहे. स्थिर हिवाळी हवेत थंड, जड हवा दऱ्यांत साचते आणि शिखर तिच्यावर तरंगतं. ही गोष्ट १८९० पासून खाली फोर्ट विल्यमलाही वेधशाळा असल्यामुळेच तासातासाने दाखवता आली.

राखणदार तुम्हाला दोराने धरून उत्तर कड्याकडे नेतो, जिथे बर्फातून खडक उघडा दिसतो तिथवरच. पाठीला सूर्य. समोर, दरीतल्या ढगावर, तुमची सावली पडलीय, लांबलचक, आणि तिच्या डोक्याभोवती रंगांची गोल कडी. तुम्ही हात वर करता, ती सावली हात वर करते. कडं तुमच्याच डोक्याभोवती आहे. शेजारी उभ्या राखणदाराला ते त्याच्या डोक्याभोवती दिसतंय.

इंद्रवज्र! तुम्ही जवळजवळ ओरडता. कोकणकड्यावर पावसाळ्याअखेर याच्यासाठी तुम्ही तासन्‌तास बसून राहिला आहात. हरिश्चंद्रगडावरून ते पाहून त्याची शास्त्रीय नोंद करणारा कर्नल साइक्स हाही दख्खनचं हवामान मोजत फिरणारा माणूस होता. आणि इथे, दीडच वर्षापूर्वी, १८९४ च्या सप्टेंबरमध्ये, चार्ल्स विल्सन नावाचा तरुण पदार्थवैज्ञानिक काही दिवस बदली निरीक्षक म्हणून राहिला. ढगांवरची ही कडी पाहून त्याला वाटलं, असा ढग प्रयोगशाळेत करता आला पाहिजे. आत्ता या क्षणी तो केंब्रिजमध्ये काचेच्या भांड्यात ओलसर हवा प्रसरण पाववून ढग तयार करतोय. त्याच भांड्यात पुढे अदृश्य कणांच्या वाटा थेंबांच्या रेघांनी उमटतील; १९२७ चं नोबेल त्याला त्याबद्दल मिळेल. कोकणकडा आणि बेन नेव्हिस यांच्यात इतकं जवळचं नातं असेल असं तुम्हाला कधी वाटलं होतं? सूर्य, ढग, आणि योग्य जागी उभा असलेला एक माणूस, दोन्हीकडे एवढंच लागतं. तुम्ही पुढे एक पाऊल टाकायला जाता, नीट बघायला. दोर ताणला जातो. राखणदाराने तो सोडलेला नाही.

एक वाजतो. निरीक्षक पुन्हा पेटीकडे जातो. तुम्हाला निघायला हवं, कारण पाचनंतर अंधार, आणि हिवाळ्यात माथा म्हणजे अर्धीच वाट. राखणदाराच्या पिशवीत आता वरची पत्रं आहेत, त्याने ती तेलकापडात गुंडाळून घेतलीत.

उतरताना टाच. चढताना पुढचं टोक होतं, आता टाच घट्ट रोवायची, गुडघा सैल, अंग किंचित पुढे. मन म्हणतं मागे रेला. मागे रेललात की टाच सुटते. तुमच्या मांड्या थरथरतात. मघाची तुमचीच पावलं दिसतात, आणि वारा नव्हता त्या जागी ती तशीच आहेत. वारा होता तिथे पुसली गेलीत. ढगात पुन्हा शिरता, पुन्हा होकायंत्र, पुन्हा गेलिक आकडे. नागमोडी वाटेच्या तळाशी, जिथे खाली मोकळी सपाटी दिसते तिथे, राखणदार बसकण मारतो, कुऱ्हाडीचा दांडा मागे रोवून धरतो आणि सरळ घसरत जातो. पन्नाशीचा माणूस! खालून तो हात हलवतो. तुम्ही बसता. पाचशे फुटांची उंची मिनिटभरात संपते, पट्ट्यांत, बाह्यांत, कॉलरमध्ये बर्फ, आणि तुमच्या तोंडून निघणारा आवाज हसण्याचा आहे की किंचाळण्याचा हे तुम्हालाच कळत नाही.

रेड बर्नपाशी मात्र हसणं थांबवायचं. दुपारच्या उन्हाने सकाळच्या पायऱ्यांच्या कडा मऊ झाल्यात. राखणदार प्रत्येक पायरी बुटाने पुन्हा दाबून घेतो. या वेळी तो तुम्हाला पुढे घालतो आणि स्वतः दोर धरून मागे राहतो. पहिली पायरी तुम्ही स्वतः लाथेने रोवता. कुऱ्हाड, पाय, पाय. कुऱ्हाड, पाय, पाय. मोजायचं तुमच्या लक्षातच राहत नाही.

खोपीपाशी तो तुमच्या हातातल्या कुऱ्हाडीकडे बघतो. ती योग्य हातात आहे. तो काही म्हणत नाही. अ‍ॅखिंटीला पोचता तेव्हा खोऱ्यात दिवे लागलेत आणि गुडघे बोलू लागलेत. ‘पुढची फेरी कधी?’ तुम्ही विचारता. तो आभाळाकडे, मग पश्चिमेकडच्या खाडीकडे बघतो. ‘शनिवारी,’ तो म्हणतो, ‘वारा फिरला नाही तर. आणि खिळे तपासून या, डाव्या बुटाचे दोन गेलेत.’